द्वारपालाच्या पायाशी

९ नोव्हेंबर

भिंगरी,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. तुला वाटलं असतं, ताईचा मोठेपणा अजून गेला नाही. मग पानच बदललं. आता नुसतं नाव लिहिलंय, त्याला तरी तू नाक मुरडणार नाहीस अशी आशा आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. फार तर फाडता येतं. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

बाबा तुला शोधतायत.

नीट सांगते. गेले काही महिने रोज दुपारी चहा झाला की ते बूट घालतात. शर्टाची बटणं त्यांना आता जमत नाहीत, पण बुटांच्या नाड्या अगदी झोकात बांधतात. मग दाराशी येऊन मला म्हणतात, “चल, उशीर होतोय. भिंगरी तिथेच राहिलीय.” तिथे म्हणजे डोंगरातल्या त्या कोरीव देवळात.

तुला किती आठवतं कोण जाणे. तू तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होतीस. बाबांच्या साच्यांच्या कारखान्यातली मंडळी दोन गाड्या करून सहलीला गेली होती. मी त्या वेळी घरीच राहिले होते. दगडी मूर्तींचे प्लास्टरचे साचे काढणारी माणसं सहलीला तरी दुसरीकडे कुठे जाणार? सुट्टीच्या दिवशीही मूर्तीच बघायच्या, त्याही हाताने चाचपून. परतताना आईला वाटलं तू बाबांच्या गाडीत आहेस आणि बाबांना वाटलं तू आईच्या गाडीत. चहाला थांबल्यावर कळलं की तू कुठल्याच गाडीत नाहीस. बाबा एक गाडी घेऊन उलटे धावले. तू गाभाऱ्याच्या दाराशी, त्या भल्यामोठ्या दगडी द्वारपालाच्या पायाशी बसली होतीस. रडत नव्हतीस. “काय करत होतीस इथे?” असं बाबांनी विचारलं तर म्हणालीस, “राखण करत होते.” मग बाबाच रडले. “मोठीला सांगू नकोस हं, मी रडलो,” असं त्यांनी तुला बजावलं, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या तू मला पहिलं तेच सांगितलंस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

आपल्या लेखी ते प्रकरण त्याच दिवशी मिटलं. बाबांच्या डोक्यात मात्र ते पुन्हा सुरू झालंय, आणि या खेपेला ते अजून तुझ्यापर्यंत पोचलेलेच नाहीत.

परवा मी चष्म्याच्या दुकानात कामावर असताना ते, त्यांना सांभाळायला दिवसा येतात त्या मावशींची नजर चुकवून बाहेर पडले. बस स्टँडवर सापडले. तिकीट खिडकीशी भांडत होते. जाताना एक पूर्ण हवं होतं, येताना एक पूर्ण आणि एक अर्धं. अर्धं तुझं. स्टँडवर जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तो त्यांनी कसा ओलांडला हे मी डोळ्यांपुढे आणत नाही.

डॉक्टर म्हणाले, “त्यांना पटवत बसू नका. जे शोधतायत ते सापडलं तर कदाचित थांबतील. तोवर दाराला कुलूप ठेवा.” कुलूप लावलंय. ते आतून दार वाजवत राहतात.

म्हणून लिहिलं. तू एकदा ये. मी त्यांना देवळात घेऊन येईन. तू त्याच जागी बसून राहा, त्यांनी विचारलं की तेच उत्तर दे. एवढंच काम आहे. माझ्याशी बोललं पाहिजे असंही नाही.

बाकी मी मजेत.

ताई

२२ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला एवढा मोठा समुद्र आणि मागे एक शब्द, ‘बघते.’ शाई महाग झाली का तुमच्याकडे?

चेष्टा केली. राग धरू नकोस. खरं म्हणजे त्या एका शब्दावर माझा आठवडा बरा गेला.

तुझ्या मनात येईल ते मीच आधी लिहिते. बाबा तुला ओळखतील का? तुझा अलीकडचा फोटो त्यांना दाखवला. चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि म्हणाले, “बाई चांगल्या घरची दिसते. आपल्याकडे काय काम आहे तिचं?” भिंगरी म्हणजे त्यांच्या हाताच्या कोपरापर्यंत येणारी. पण तुझा आवाज बदललेला नाही. तिथल्या अंधारात चेहरा दिसतोय कुणाला? तू ते वाक्य म्हटलंस की काम होईल, असं मला वाटतं. दुकानात रोज पाहते, माणसं अंदाजानेच वाचतात. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नाही तरी ठोकून देतात, आणि निम्म्या वेळा बरोबर निघते.

दुकान तेच आहे. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, दांडी गरम करून कानामागे वाकवून द्यायची. दिवसभर माणसं माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तोंड आणून बसतात. नाकावर टेकतोय का, कानाला लागतोय का, एवढंच बोलणं. मग आरशात स्वतःकडे बघतात आणि जातात. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून थेट माझ्याकडे बघत म्हणाले, “अरेच्चा, तुम्ही दमलेल्या दिसता.” मी त्यांना चष्म्याची डबी दिली आणि आत यंत्राशी जाऊन उगाच एक काच घासत उभी राहिले.

बाबांची एक सवय मात्र गेली नाही. अजून भेटेल त्या वस्तूवर नखाने टकटक करून आवाज ऐकतात, प्लास्टर वाळलं की नाही बघायचे तसं. भिंत, ताट, मावशींची पिशवी. “अजून ओलं आहे, हात लावू नका,” असं मावशींना त्यांच्याच पिशवीबद्दल सांगतात. हसायला येतं. मग लक्षात येतं की बरोबर हसायला घरात कुणी नाही. मावशी तोवर गेलेल्या असतात.

१४ डिसेंबरला रविवार आहे. गाडी सांगून ठेवते. पुढे ढकलता येईल, पण फार ढकलू नकोस.

ताई

५ डिसेंबर

भिंगरी,

पत्र पोचलं. चौदाला जमलं तर येशील आणि वाट पाहू नका म्हणतेस. ठीक आहे. पाहणार नाही.

खाली तू विचारलंयस, ‘आणि तू कशी आहेस?’ बरी आहे.

तू हे खरंच विचारलंस की आपलं शेवटाला लिहितात म्हणून लिहिलंस, ते कळेना. आई गेली तेव्हा बाबांचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. तू म्हणालीस, त्यांना म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे ठेवू, तिथे नर्स असतात. मी नाही म्हटलं. तेव्हा तू दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, “ताई, तुला बाबांची काळजी नाहीये. तुला सोबत हवीय.” मग गेलीस. जिन्यात तुझी पावलं संपेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर उत्तरं खूप सुचली. भांडी घासताना सुचली, काचा घासताना सुचली. एकाहून एक झणझणीत होती. ऐकायला तू नव्हतीस.

ती इथे लिहिणार नाही. चौदा तारखेपर्यंत मला तुझ्याशी गोड राहायचंय.

येताना गरम काहीतरी अंगावर घे. आत दगड थंड असतो, तुला लगेच शिंका येतात.

ताई

१५ डिसेंबर

भिंगरी,

तू आली नाहीस. ते एक वाक्य लिहून टाकलं की पुढचं लिहायला सोपं.

आम्ही सकाळी निघालो. बाबा पुढच्या सीटवर, बूट घालून, हात मांडीवर ठेवून. शहर संपलं, शेतं लागली, मग नुसतं माळरान. प्रत्येक वळणावर ते ड्रायव्हरला म्हणत होते, “जरा दाबा साहेब. लेकरू एकटं आहे.” ड्रायव्हर भला माणूस होता. त्याला वाटलं खरंच कुणी एकटं आहे, त्याने गाडी पिटाळली.

डोंगर तसाच आहे. लांबून नुसता काळा कडा दिसतो, देऊळबिऊळ काही नाही. अगदी जवळ गेलं की खडकातली चौकट दिसते, मग आतले खांब. आवारात दगडाचा नंदी, मुळातल्याच खडकातून सोडवलेला, पाठ माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. डावीकडे तो अर्धवट खांब, ज्यावर छिन्नीचे घाव आहेत आणि आकार नाही. नंतरच्या सहलींना आपण त्याच्याआड लपायचो. देवळाचा पहारेकरी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. दुसरं कुणी नव्हतं.

बूट काढायला बाबा तयार होईनात. बूट काढले तर निघायला उशीर होईल म्हणे. पहारेकऱ्याने समजावलं, मी समजावलं. शेवटी मी त्यांच्या पायाशी बसून नाड्या सोडल्या. पण लगेच आत गेलो नाही. त्यांना नंदीजवळ बसवलं आणि सांगितलं, थोडं थांबू. नंदीवर टकटक करून म्हणाले, “हा वाळला.” नंतर अर्धवट खांबापाशी गेले, तिथे टकटक केली, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “इथलं माणूस काम टाकून गेलं बघ.”

तुझी वाट पाहत नव्हते. फक्त खाली रस्त्यावर गाडी वाजली की कठड्यापर्यंत जाऊन येत होते. एक दुधाची गाडी होती. एक नवरा-बायको आले, फोटो काढून गेले. ऊन नंदीवरून उतरून पायऱ्यांवर गेलं. पहारेकरी म्हणाला, “बाई, कुणी यायचंय का?” मी म्हटलं, “नाही, सहज.” मग बाबा उठलेच. ते आत निघाले आणि मला त्यांच्यामागे जावं लागलं.

आता पुढचं तुला जसं झालं तसं सांगते.

दारात मी त्यांचा चष्मा काढला. काचांवर बोटांचे ठसे उमटले होते, आणि मळका चष्मा पाहिला की माझा हात आपोआप पुढे जातो, समोर कोण आहे हेही मी बघत नाही. मी काचा पुसत होते तेवढ्यात ते माझा हात सोडून आत चालायला लागले. आत उजेड असा नव्हताच. गाभाऱ्यापुढचा उंबरा उंच आहे, आठवतं ना? ते अडखळून पडतील म्हणून मी खांबांच्या पलीकडून धावत पुढे गेले आणि त्यांचं पाऊल धरून वर घ्यायला उंबऱ्यापाशी खाली बसले. द्वारपालाच्या पायाशी. दुसरीकडे बसायला जागाच नाही तिथे.

बाबा थांबले. वाकले. म्हणाले, “भिंगरी?”

चष्मा माझ्या हातात होता, स्वच्छ पुसलेला. उठून त्यांच्या डोळ्यांवर चढवायचा, एवढंच करायचं होतं. मी नाही उठले.

त्यांनी विचारलं, “काय करत होतीस गं इथे?”

मी म्हटलं, “राखण करत होते.”

मग ते माझ्या शेजारी बसले आणि रडले, भिंगरी. लहान मुलं रडतात तसे, नाक वाहेपर्यंत. माझं डोकं छातीशी धरलं होतं. मागे गाभाऱ्यात पिंडीवर पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. इतक्या वर्षांत मला असं कुणी धरलं नव्हतं. ते कुणाला धरतायत हे मला माहीत होतं, तरी मी हलले नाही.

थोड्या वेळाने नाक पुसून मला म्हणाले, “मोठीला सांगू नकोस हं, मी रडलो.”

मी म्हटलं, “नाही सांगणार.”

येताना ते मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर झोपले. घरी आल्यावर बूट काढून स्वतःहून कपाटात ठेवले. तू का आली नाहीस ते मी विचारत नाही.

ताई

३० डिसेंबर

भिंगरी,

तुझं पत्र वाचलं. स्टँडपर्यंत येऊन परत फिरलीस, पाय उचलले नाहीत म्हणतेस. असू दे. आता तशी गरजही राहिलेली नाही.

घरात शांतता आहे. दुपारी चहा होतो, बाबा बूट मागत नाहीत. दाराचं कुलूप काढलं. मावशी म्हणतात, हे कसलं औषध दिलंत? रंग चांगला आहे, भात नीट खातात. मला भिंगरी म्हणतात. मी ओ देते. शाळेत काय झालं विचारतात, तर मी काहीतरी रचून सांगते. परवा सांगितलं की बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. खूश झाले. स्वतःच्या ताटातली साखर माझ्या ताटात घातली.

तेव्हा तू येण्याची घाई करू नकोस. तुझी कामं सोडून कशाला यायचं? इथे सगळं छान चाललंय. खरंच छान चाललंय.

ताई

१२ जानेवारी

भिंगरी,

मागचं पत्र मनावर घेऊ नकोस. ‘छान’ असं मी दोनदा म्हणायला लागले की खोटं बोलत असते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्यातही तू ओळखलं असशील.

परवा चहा झाल्यावर बाबांनी कपाटातून बूट काढले. नाड्या बांधल्या. दाराशी येऊन मला म्हणाले, “चल भिंगरी. मोठी तिथेच राहिली.”

मी त्यांच्या समोर उभी होते. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता आणि सकाळीच मी तो पुसला होता.

मी म्हटलं, “बाबा, मीच मोठी.” ते हसले. माझ्या गालावर चापट मारून म्हणाले, “तू अजून लहान आहेस, तुला नाही कळायचं. तुला घ्यायच्या गडबडीत तिला विसरलो मी. ती बोलायची नाही काही, बसून राहील तशीच.” मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “तिच्यावाचून माझं पान हलत नाही गं.”

हे मला ते कधी म्हणाले नव्हते. आईसमोर नाही, तुझ्यासमोर नाही, मी त्यांचे कपडे बदलते तेव्हाही नाही. ऐकायला मिळालं ते असं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि सिंकपाशी उभी राहून मनसोक्त रडले. बाहेर ते दार वाजवत होते. कुलूप पुन्हा लावलंय.

रोज हेच चाललंय. काल म्हणाले, तिला अंधाराची भीती वाटते, ती सांगत नाही पण वाटते. कधी लक्षात आलं असेल त्यांच्या? मी तर तुलाही कळू दिलं नव्हतं, आपल्या खोलीतला दिवा तुझ्यासाठी चालू ठेवते असं सांगायचे.

तू चप्पल घालताना जे म्हणालीस, त्याचं उत्तर आज देते. हो. सोबत हवी होती मला. काळजी होतीच, पण सोबतही हवी होती, आणि त्यात काय चुकलं ते मला अजून कळत नाही. आता ती सोबतही गेलीय. ते समोर बसलेले असतात, माझ्या हातचं जेवतात, आणि माझ्यासाठी कासावीस होतात. मी त्यांना पाणी देते आणि माझी काळजी करू नका म्हणून समजावते. असं एकटेपण मला माहीत नव्हतं, भिंगरी. मी खूप एकटी पडलेय. बघ, लिहिलं.

तेव्हा हे माझं मागणं. मागच्या वेळी बाबांसाठी बोलावलं होतं, या वेळी माझ्यासाठी बोलावतेय. तू घरी ये. इथे भिंगरीची जागा मी अडवून बसलेय, ती तू घे. तुला बघून चांगल्या घरची बाई म्हणाले तरी त्यांच्याजवळ बसून बोलत राहा, आवाज ओळखतील. नाही ओळखला तरी हात धरू देतील, ते कुणालाही देतात. त्यांना गाडीत पुढे बसव. ड्रायव्हर तोच सांगितलाय, त्याला रस्ता माहीत आहे. पंचवीस तारखेला रविवार आहे.

मी तुमच्या आधी बसने जाईन. उंबऱ्यापाशी बसून राहीन. मी येणाऱ्या गाड्या मोजायला कठड्यापर्यंत जाणार नाही. तुला पुन्हा स्टँडवरून परत फिरावंसं वाटलं तर फिर, फक्त एवढं लक्षात ठेव की मी पहारेकरी देऊळ बंद करेपर्यंत तिथे असेन, आणि आत अंधार असतो.

बूट काढताना ते त्रास देतील. नाड्या तू सोड. मग त्यांना हाताला धरून आत आण, उंबरा दाखव, आणि तू एक पाऊल मागे थांब. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते माझं मी बघेन.

निघण्याआधी त्यांचा चष्मा तेवढा पुसून घे. अंगातल्या कपड्याने पुसू नकोस, काचेवर चरे पडतात. मऊ फडकं डबीत ठेवलंय. आणि देवळाच्या दारात काही झालं तरी तो काढू नकोस.

मोठी